काकांची दुर्बीण

रेणापूरच्या काकांना दुर्बीण हवी आहे. पंचाहत्तरीचा माणूस दुर्बीण कशाला मागतोय, असं मलाही वाटलं होतं. पण कारण पक्कं आहे. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून त्यांचं रानात जाणं बंद झालंय. गच्चीवरून रान दिसतं, अंतर असेल आठशे मीटर. संध्याकाळी हरभऱ्यात काहीतरी काळं हललं, की ती हरणं आहेत की रानडुकरं हे कळत नाही. हरणं (म्हणजे काळवीट, आमच्याकडे सगळी हरणंच) असतील तर गडी नुसता ओरडत गेला तरी कळप उधळतो. डुकरं असतील तर एकट्याला पाठवायचं नाही, पिलं असलेली मादी सरळ अंगावर येते.

"मला लै लांबचं नको. पळणारं हाय का अंगावर येणारं, येवढं कळलं की बास." हे त्यांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट. हापिसात इतकं स्पष्ट कुणी लिहून देत नाही.

तर मंडळी, दोन वीकांत यातच गेले. लांबचं जनावर ओळखण्यात जगात सगळ्यात मुरलेले लोक म्हणजे डोंगरातले शिकारी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, त्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत. काकांना फक्त बघायचंय. पण बघण्यापुरतं शास्त्र तेच. अमेरिकेच्या पश्चिमेकडचे शिकारी १५×५६ ची दुर्बीण ट्रायपॉडवर लावून समोरचा डोंगरउतार तासन् तास विंचरत बसतात. साहजिकच माझंही मन पंधरावर गेलं. मोठा आकडा म्हणजे भारी, ही आपली मेगापिक्सेलपासूनची सवय!

मग कागदावर मांडलं. आठशे मीटरवरचं जनावर आठपटीत शंभर मीटरवर असल्यासारखं दिसतं, दहापटीत ऐंशीवर, पंधरापटीत त्रेपन्नवर. शंभर मीटरवरचं डुक्कर आणि हरीण काकाच काय, कुणीही ओळखेल. म्हणजे गरज आठलाच भागते. वरच्या प्रत्येक पटीची किंमत वेगळी मोजावी लागते. हाताची थरथर तितक्याच पट वाढते, आणि काकांचा हात आताशा जरा हलतो. १५×५६ चं वजन किलोच्या वर. शिवाय हजार मीटरवर जेमतेम पंचाहत्तर-ऐंशी मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, आठपटीत एकशेतीसच्या आसपास. पळणारा कळप छोट्या तुकड्यात सापडेपर्यंत पार शेजारच्या शिवारात.

आणि आपला प्रदेश. त्यांचे डोंगर थंड, पहाटेची हवा स्थिर. इथे बालाघाटाचं पठार, काळी जमीन आणि एप्रिलचं ऊन. दुपारी बांधावरची बाभळसुद्धा पाण्यात असल्यासारखी हलते. दुर्बीण ते हलणंही पंधरापट करून दाखवते. कितीही महागाची काच घ्या, हवेला इलाज नाही. सकाळ-संध्याकाळच खरी.

संध्याकाळचं गणित मला सगळ्यात आवडलं. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ८×४२ ला सव्वापाच मिलिमीटर, खिशातल्या १०×२५ ला फक्त अडीच. म्हणून खिशातली दिवेलागणीला आंधळी होते. जर्मन शिकारी मचाणावर ८×५६ वापरतात, झोत सात मिलिमीटर. पण तरुण डोळ्याची बाहुलीच अंधारात सातपर्यंत उघडते, सत्तरीनंतर बऱ्याच जणांची पाचच्याही आत. म्हणजे काकांच्या बाबतीत तो जास्तीचा उजेड बाहुलीच्या बाहेरच सांडणार, आणि वजन मात्र पूर्ण उचलायचं. ८×४२ त्यांच्या डोळ्याला मापाने शिवल्यासारखी बसते.

काकांना चष्मा आहे. त्यामुळे डोळा भिंगापासून पंधरा-सोळा मिलिमीटर लांब असतानाही पूर्ण चित्र दिसायला हवं. हा आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो, दुकानदार स्वतःहून सांगत नाही. तो आधी बघा. निम्म्या दुर्बिणी इथेच गळतात.

रस्त्यावर '३०×६०' छापलेल्या चिमुकल्या दुर्बिणी मिळतात. पट्टी लावून पुढचं भिंग मोजा. साठच्या जागी पंचवीस भरलं तर तीसवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. आणि दुकानातल्या एसीत बघू नका, बाहेर या. समोरची पाटी पाच मिनिटं वाचा. डोकं जड झालं किंवा दोन चित्रं एकमेकांवर नीट बसली नाहीत तर परत द्या.

ट्रायपॉडचा खर्च वाचवला. गच्चीच्या कठड्यावर ज्वारीची अर्धी भरलेली पिशवी ठेवायची आणि तिच्यात दुर्बीण दाबून बसवायची. आतून नायट्रोजन भरलेलं मॉडेल घेतलंय, तरी पावसाळ्यात बुरशी नको म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून पाठवतोय.

आता काकांनी तिचा पट्टा काढून तिथे कासरा बांधला नाही म्हणजे मिळवली :-)