निरुपयोगी यंत्रांचा कारागीर

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी बी. ए.चा प्रवेशअर्ज भरला, तेव्हा माझ्या काकांनी विचारले, "आता याचा उपयोग काय?" प्रश्नात राग नव्हता; म्हणूनच तो अधिक बोचला. आपल्यापैकी अनेकांनी तो ऐकला असेल. पुढे ज्याँ तँगली या स्विस शिल्पकाराविषयी वाचताना मला तो प्रश्नच निराळा दिसू लागला.

तँगलीचा जन्म १९२५ साली फ्रिबूर येथे झाला आणि तो बाझल शहरात वाढला. भंगारातील चाके, दांडे, पट्टे आणि विजेच्या मोटारी जोडून तो यंत्रे उभारी. यंत्राकडून आपण अचूकपणाची अपेक्षा करतो. तँगलीची यंत्रे मात्र अडखळतात, कण्हतात, थरथरतात आणि शेवटी काहीच उत्पादन करीत नाहीत. १९५९च्या सुमारास त्याने चित्रे काढणारी यंत्रे केली. प्रेक्षकाने यंत्र सुरू करावे आणि पेन धरलेल्या लोखंडी हाताने कागदावर वेड्यावाकड्या रेषा ओढाव्यात, अशी ती योजना. यंत्राची आणि कलावंताच्या प्रतिभेची, अशी दोहोंची ती थट्टा होती.

१७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत त्याने पियानो, सायकलींची चाके अशा वस्तूंचे एक अवाढव्य यंत्र चालू केले. त्याचे काम एकच : स्वतःचा नाश करणे. सुमारे २७ मिनिटे ते धडपडले. काही भाग ठरल्याप्रमाणे चालले नाहीत, आग भडकली आणि अखेर अग्निशामकांना पुढे यावे लागले. मोडून पडण्याचे कामही त्याला धड साधले नाही!

आपण येथे हसतो. परंतु कोणाला हसतो? बाझलमध्ये जुने नाट्यगृह होते त्या जागी १९७७ साली तँगलीने कारंजे उभारले. उथळ हौदातील दहा यंत्राकृती पाणी उडवतात, ढकलतात, शिंपडतात. पाणी हौदातून निघते आणि हौदातच पडते. हे वर्णन वाचताना मला माझी कचेरी आठवली. तेथे दरमहा मी एक तक्ता भरून वर पाठवीत असे. तो कोणी वाचत नसे. पुढच्या महिन्यात तोच नव्याने मागवला जाई. त्या कामाच्या उपयोगाविषयी मला कोणी कधीच विचारले नव्हते, कारण त्याचा पगार मिळत होता.

तेव्हा उमगले, की आपण ज्याला उपयोग म्हणतो तो पुष्कळदा केवळ मोबदला असतो. कारंज्यातील आकृती निदान पाहणाऱ्याला हसवतात. माझ्या तक्त्याने तेवढेही केले नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर वाचलेली पाने मात्र माझी होती. त्यांनी पगार वाढवला नाही. पण दिवसभर फिरणाऱ्या चाकाकडे थोडे दूर उभे राहून पाहायला शिकवले.

तँगली १९९१ साली वारला. फ्रिबूरमधील त्याच्या अंत्ययात्रेत ट्रॅक्टरवर रचलेले त्याचेच एक यंत्र घंटांचा खणखणाट करीत, धूर सोडीत चालले होते. शोकाच्या प्रसंगीही त्याची थट्टा थांबली नाही.

माझा निकाल लागला तेव्हा काका हयात नव्हते. त्यांना पेढा द्यायचा राहिला आणि उत्तरही. ते आता आपल्याला देत आहे.