बारा जणींचं हॉस्टेल

खुराडं हा शब्द आपल्या हॉस्टेलवर नुसता उच्चारला, तरी कुणीतरी म्हणतोच, "आपल्या रूमपेक्षा वेगळं काय असतं त्यात?" विनोद ठीक आहे, पण फरक आहे मित्रांनो. आपल्या रूमला निदान खिडकी आहे, आणि रात्री उदमांजर येऊन रूममेटला उचलून नेत नाही.

आमच्या घरी गेल्या एप्रिलमध्ये नेमकं तेच झालं. राजापूरच्या अलीकडे आमचं गाव. पडवीत तीन डालग्यांखाली कोंबड्या झाकलेल्या असायच्या, वर दगड. एका रात्रीत सात कोंबड्या गेल्या. आई त्या दिवशी फार बोलली नाही. कोंबड्या म्हणजे किरकोळ गोष्ट, असं बाहेरच्याला वाटेल. पण अंड्यांचे पैसे हा आमच्या घरातला एकच पैसा असा आहे, जो खर्च करताना आईला कुणाला विचारावं लागत नाही. माझा पहिला कॅल्क्युलेटर त्यातूनच आला होता. "आता पुरे त्या कोंबड्या," ती म्हणाली.

मे महिन्याच्या सुट्टीत मी विचारलं, "आणि चांगलं खुराडं बांधलं तर?" ती म्हणाली, "बांध. पण मला वाकून आत शिरायला लावू नको. कंबर राहिली नाही आता माझी."

क्लायंटची रिक्वायरमेंट इतक्या थोडक्यात मी कुठल्याच टेक्स्टबुकात वाचलेली नाही. खुराड्यात कोंबड्या राहतात हे खरं, पण ते झाडायचं माणसाला असतं, आणि तेही रोज. झाडायला अवघड असलं की आज राहतं, उद्या राहतं, मग वास सुटतो, रोग येतो आणि शेवटी खुराड्यात लाकडं ठेवतात. त्यामुळे डिझाईनची सुरुवात कोंबडीपासून न करता आईच्या कंबरेपासून केली.

खुराड्याचा तळ जमिनीपासून अडीच फूट वर घेतला, चिऱ्याच्या चार खांबांवर. समोर पूर्ण लांबीचं दार. दाराच्या तळाशी पाच इंची फळी, खाचेत बसवलेली. ती वर उचलून काढली की आतलं तूस फावड्याने सरळ खाली घमेल्यात ओढता येतं. आत शिरायचा प्रश्नच नाही. उंचीमुळे पावसाळ्यात ओल वर येत नाही, हा वरचा फायदा. खांबांना पत्र्याच्या गुळगुळीत पट्ट्या गुंडाळल्या, म्हणजे उंदीर चढत नाहीत.

आता क्षेत्रफळ. रात्री मुक्कामाला कोंबडीला साधारण दोन चौरस फूट जागा धरतात. बारा कोंबड्या आणि एक कोंबडा, म्हणजे २६ चौरस फूट. साडेसहा बाय चार. (आपल्या हॉस्टेलचा हिशेब कोणत्या कोडप्रमाणे केला ते रेक्टर सरांना विचारावं.) चारच फूट खोली अशासाठी की बाहेर उभं राहून मागच्या भिंतीपर्यंत झाडू पोचला पाहिजे.

कोंबडी जमिनीवर झोपत नाही, तिला दांडी लागते. प्रत्येकीला आठ इंच धरले तर तेरा जणांना पावणेनऊ फूट. सहा-सहा फुटांच्या दोन दांड्या टाकल्या, दोन्ही एकाच उंचीवर. एक वर आणि एक खाली टाकली, तर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडणं. ती कशी असतात, ते खिडकीजवळच्या कॉटवरून भांडणाऱ्यांना सांगायला नको. दांडी दोन इंच जाडीची, कडा गोल केलेल्या, तळापासून फूटभरच वर. गावठी कोंबडी कुठूनही उडते, पण आईने आणलेल्या बारांत तीन गिरिराज आहेत. बेंगळुरूला तयार झालेली ही जात अंगाने जड. उंचावरून रोज उडी मारली तर पायाला इजा होते. तिच्यासाठी दाराला पट्ट्या ठोकलेली उतरती फळीही लावली. रात्रीची बरीचशी घाण दांडीखालीच पडते. तिथे ड्रॉवरसारखा ओढता येणारा पत्रा ठेवला.

अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक खोका पुरतो. एक एक फुटाचे तीन खोके पूर्वेच्या भिंतीला बाहेरून जोडले, झाकण बाहेर. खोके आतून अंधारे हवेत आणि दांडीपेक्षा खाली हवेत. वर असले तर कोंबड्या तिथेच झोपतात आणि अंडी घाण होतात.

खरी डोकेदुखी हवेची. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस, आणि उकडलं की ती तोंड उघडून धापा टाकते. त्या श्वासातली वाफ, वर ओली विष्ठा. सकाळी कोंदट खुराड्याचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात तो अमोनिया. आपले डोळे क्षणभर चुरचुरतात, ती रात्रभर त्यातच असते. म्हणजे भोकं हवीत. पण जिथून हवा येते तिथूनच शत्रूही येतो. आमचे सुतारकाका म्हणाले, "भिंत पायजे की खिडकी, ता आधी ठरव."

दोन्ही पाहिजे होतं. म्हणून दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर जाळी आणि खाली फळ्या. दक्षिणेकडे वरचा एक फूट, उत्तरेकडे वरचे दोन फूट. छप्पर उत्तरेला उंच, दक्षिणेला उतरतं. गार हवा दक्षिणेच्या बाजूने आत येते आणि गरम हवा उंच बाजूने निघून जाते. झोपलेल्या पक्ष्यावर थेट झोत येत नाही. जाळी मात्र अर्धा इंची वेल्डेड. बाजारात षट्कोनी भोकांची 'कोंबडी जाळी' मिळते, ती कोंबडीला आत ठेवते एवढंच. तिची तार बारीक, कोकणच्या हवेत लवकर गंजते आणि साप-उंदरांना भोकं मोठी पडतात. कौलांच्या खालीही तीच जाळी ताणली, कारण सैल कौल सरकवणं उदमांजराला काही जड नाही.

दिशेचं गणित पुस्तकातलंच आहे. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की सकाळचं आणि दुपारनंतरचं तिरपं ऊन आखूड भिंतींवर पडतं. आमच्याकडे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला जेमतेम ५० अंश वर असतो. तेवढं ऊन दक्षिणेचं दोन फुटी छप्पर अडवतं. पाऊस नैऋत्येचा, म्हणून पश्चिमेची भिंत पूर्ण बंद आणि छपराची उतरती पाठ पावसाकडे. दार उत्तरेला.

जागेवरून मात्र वाद झाला. आजीला खुराडं स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून हवं होतं, "रात्री कलकलाट झाला तर कळला पायजे ना!" मला ते घरापासून लांब हवं होतं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून कोंबड्या आणि चूल यांत अंतर बरं, असं माझं म्हणणं. शेवटी पंचवीस फुटांवर तडजोड झाली. आवाज येतो, वास येत नाही. खुराड्याची चप्पल वेगळी, आणि आल्यावर हात साबणाने.

एक गोष्ट खुराडं करू शकत नाही. मुंगूस दिवसा फिरतो आणि दिवसा कोंबड्या मोकळ्या असतात. तिथे डिझाईन संपतं आणि कुत्रा व आजी यांची ड्यूटी सुरू होते.

कौलं जुन्या गोठ्याची, फळ्या जुन्या फणसाच्या, चिरे कुंपणाचे उरलेले. विकत आणलं ते जाळी, बिजागऱ्या, कडी-कोयंडा आणि खिळे. फटींना चुना मारला, कारण कोंबडीचं रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा फटीतच दडतात. पावसाळा काढला, आत तूस कोरडं राहिलं.

दिवाळीत गेलो तेव्हा अंड्यांच्या खोक्याशेजारी एक खुंटी ठोकलेली दिसली. टोपली कुठे टेकवायची, म्हणून आईने स्वतःच ठोकली होती. ती मी ड्रॉईंगमध्ये घातली आणि तिला नंबर दिला. यंदा मिरगाच्या आधी आणखी सहा तलंगा घ्यायचा तिचा विचार चालू आहे. म्हणजे एक्स्टेन्शनचं काम मला लागलं!

शीट माझ्या रूमवर आहे. ज्याला घरी नेऊन बांधायचं असेल त्याने ट्रेस करून न्यावी. फक्त तळाची उंची माझी कॉपी करू नका. तुमच्याकडे रोज कोण झाडणार आहे ते विचारा, आणि टेप घेऊन त्या माणसाची कंबर कुठे येते ते मोजा.

— तृतीय वर्ष, सिव्हिल