अठ्ठ्याहत्तर वर्षे कोण जगतो? मुदतपूर्व पेन्शन आणि कंत्राटी सफाई कामगाराचा हिशेब

१४ मार्च २०२३ ला राज्यातले लाखो सरकारी-निमसरकारी कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा देत संपावर गेले. त्या मागणीला आमचा पाठिंबा होता, आजही आहे. म्हातारपण मानाने काढता यावे, यात गैर काय? पण त्या आठवड्यातही आमचे मामा रोज पहाटे साडेपाचला हजेरी लावून कचऱ्याच्या गाडीवर चढत होते. मामा कंत्राटी सफाई कामगार. जुनी पेन्शन त्यांची नाही, नवीही नाही. त्यांची पेन्शन तिसरीच आहे, आणि तिच्यावर कुठल्या वाहिनीवर तासभर चर्चा झालेली आम्ही पाहिली नाही.

पुढे मामांना त्रेपन्न पूर्ण झाली. एका रविवारी विहारातून परतताना ते आम्हाला म्हणाले, "तू एवढा शिकलास, तर एक सांग. माझी पेन्शन आत्ताच चालू करू, का अठ्ठावन्नपर्यंत थांबू?"

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले, वस्त्यांमध्ये काम करतो, रेशनकार्डापासून जातपडताळणीपर्यंत लोकांचे अर्ज भरून देतो. तरी या प्रश्नाचे आम्ही दिलेले पहिले उत्तर चुकले. ते कसे चुकले हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. कारण हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. आपल्या वस्तीत सुरक्षा रक्षक, हाऊसकीपिंगच्या बाया, घंटागाडीवरचे लोडर अशा प्रत्येक घरात तो आज ना उद्या येणार आहे.

आधी नियम समजून घेऊ. या पेन्शनला ईपीएस-९५ म्हणतात, कारण ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. कामगाराच्या पगारातून कापलेले बारा टक्के भविष्य निर्वाह निधीत जातात. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. २०१४ पासून हा हिशेब १५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावरच होतो. पेन्शन मिळायला किमान दहा वर्षांची सेवा लागते. रक्कम काढण्याचे सूत्र सोपे आहे. शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी, गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी मिळते. पीएफ कापला जाणारे काम सुटले असेल तर पन्नाशीनंतर ती आधीही मागता येते. पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितके चार-चार टक्के कापले जातात, आणि ही कपात मरेपर्यंत राहते.

मामांचे पासबुक उघडले. पगार १०,५०० रुपये. प्रत्यक्षात हातात येतो तो जास्त. पण मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त दाखवले की पीएफ कमी भरावा लागतो, ही कंत्राटदारांची जुनी विद्या आहे. सेवा दिसत होती तेरा वर्षे. म्हणजे सेवा एवढीच राहिली तर ५८ व्या वर्षी पेन्शन १,९५० रुपये. आत्ता घेतली तर पाच वर्षांची वीस टक्के कपात, हातात १,५६०.

आम्ही लगेच सांगून मोकळे झालो, "मामा, थांबा. दर महिन्याला ३९० रुपयांचं नुकसान, तेही जन्मभर. घाई करू नका."

मामी भांडी घासत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "आणि पाच वर्षं गाडीवर कोण चढणार? रात्रभर खोकतात ते तुम्हाला नाही ऐकू येत."

मामा शांतपणे म्हणाले, "नुकसान किती वर्षांनी होतं ते काढ ना. आज घेतली तर पाच वर्षं पैसे आधी मिळतात. ते फिटायला किती दिवस लागतील?"

हा प्रश्न आमच्या डोक्यात आलाच नव्हता. कागद घेतला. १,५६० गुणिले साठ महिने, ९३,६०० रुपये. थांबल्याने जास्त मिळणार महिन्याला ३९०. भागाकार केला, २४० महिने. म्हणजे वीस वर्षे. ५८ आणि २० मिळून ७८. थांबण्याचा फायदा मामांना होणार तो वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षानंतर! यात पगाराचा आकडा बदलला तरी फरक पडत नाही. सेवेची वर्षे तीच राहिली तर पाच वर्षे आधी घेणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब अठ्ठ्याहत्तरलाच बरोबरीत येतो. शिवाय ही पेन्शन महागाईला जोडलेली नाही. आज ठरलेली रक्कम वीस वर्षांनीही तीच. तेव्हाच्या ३९० रुपयांत काय येईल, हे वेगळे सांगायला नको.

मामा हसले आणि बोटे मोजू लागले. "पहिल्या गाडीवर आम्ही सहा जण होतो. एक दारूनं गेला, नाकाला वास सहन होत नाही म्हणून लागलेली दारू. एक टीबीनं. एक गाडीखाली आला. दोघं गावी गेले, त्यातला एक वारला म्हणून कळलं. अठ्ठ्याहत्तर?" थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "बाबासाहेब गेले तेव्हा किती वर्षांचे होते रे?"

आम्ही म्हणालो, "पासष्ट."

त्यावर कोणीच काही बोलले नाही.

चूक इथे होती. 'थांबा, जास्त मिळेल' हा सल्ला देताना आम्ही एक माणूस गृहीत धरला होता. त्याची तब्येत धड आहे, घरात दुसरे उत्पन्न आहे, त्याचे काम शरीर खात नाही आणि तो ऐंशीपर्यंत जगतो. तो माणूस आमच्या वस्तीतला नव्हता. पुस्तकातून आणि वर्तमानपत्राच्या गुंतवणुकीच्या पानातून तो आमच्या डोक्यात येऊन बसला होता. योजनेचे सूत्र सर्वांना सारखे आहे, हे खरे. पण जगण्याची वर्षे सर्वांना सारखी मिळालेली नाहीत. २०२२ साली उत्तर, मध्य आणि पूर्व भारतातील नऊ राज्यांच्या आकडेवारीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सवर्ण हिंदूंच्या तुलनेत दलितांचे सरासरी आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. निव्वळ गरिबीने हा फरक पूर्णपणे समजावता येत नाही, असेही त्यात दिसले. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नाही. पण आमच्या वस्तीतल्या कुठल्याही घराने मामांसारखी बोटे मोजावीत, एवढेच आम्ही म्हणतो. ज्याला कमी वर्षे मिळतात त्याला 'थांब' सांगणे म्हणजे त्याचे पैसे दुसऱ्याच्या म्हातारपणासाठी ठेवून घेणे. जात अशीही काम करते. सूत्रात ती कुठेही लिहिलेली नसते.

मग मामांना 'घेऊन टाका' म्हणावे का? आम्ही त्या मतावर आलोही होतो. तेवढ्यात मुकादमाने एक तोडगा सुचवला. "पेन्शन चालू करा. कागदावर तुमचं काम बंद दाखवू. तुम्ही रोज येत जा, पैसे रोखीनं घ्या." ऐकायला दोन्ही हातांत लाडू. पण नीट पाहिले तर लाडू कंत्राटदाराच्या हातात होते. पीएफ वाचला, ईएसआय वाचला, आणि उद्या मामा गाडीखाली आले तर हा माणूस आमचा नव्हताच म्हणायला तो मोकळा! हजेरीपटावर असलेला कामगार नोकरीत असताना वारला तर घरच्यांना पेन्शन मिळते, आणि सलग वर्षभर सेवा झालेली असेल तर पीएफला जोडलेल्या विम्याचे किमान अडीच लाख रुपये मिळतात. रोखीवरच्या माणसाच्या घरच्यांना काय मिळते? म्हणून आमचे स्पष्ट मत आहे. पेन्शन घ्यायची तर काम खरोखर सोडून घ्या. काम करायचे तर हजेरीपटावर नाव ठेवून करा. मधला रस्ता कामगारासाठी नाही.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची निघाली. मामा म्हणत होते, "माझी सतरा वर्षं झाली. तेरा कशी?" कंत्राटदार पाच वेळा बदलला. माणसे तीच, गाडी तीच, नाला तोच, फक्त पावतीवरचे नाव बदलायचे. प्रत्येक वेळी नवे खाते. पहिल्या कंत्राटदाराकडची दोन वर्षे एका जुन्या खात्यात पडून होती, ती आताच्या क्रमांकाला कधी जोडलीच नव्हती. आणखी दोन वर्षे एका कंत्राटदाराने पगारातून पीएफ कापला, पण भरलाच नाही. म्हणजे चोरी! आणि ही चोरी मामांना सतरा वर्षांत कोणी सांगितली नाही, कारण पासबुक कधी कोणी उघडून दाखवले नव्हते.

आम्ही कामाला लागलो. मामींनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या पगारपावत्या काढल्या. जुने खाते जोडण्याचा अर्ज केला. न भरलेल्या दोन वर्षांची लेखी तक्रार केली. कंत्राटदार पळाला तरी ज्याच्यासाठी काम झाले त्या मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे तक्रारीत ठासून लिहिले. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी म्हणून अर्ज दोनदा परत आला. या सगळ्यात आठ-नऊ महिने गेले. तोवर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मामांनी हलके काम मागून घेतले आणि हजेरी चालू ठेवली. त्या काळात त्यांना चौपन्न पूर्ण झाली.

जुने खाते जोडले गेले. सेवा पंधरा वर्षे झाली. तक्रारीतल्या दोन वर्षांचा निकाल अजून यायचा आहे. मामांनी काम सोडले आणि १०-डी अर्ज भरला. आता हिशेब पाहा. पंधरा वर्षांवर पूर्ण पेन्शन २,२५०. चार वर्षे आधी घेतली म्हणून सोळा टक्के कापले, राहिले १,८९०. आणि कागदपत्रांना हात न लावता तेराच वर्षांच्या नोंदीवर ५८ पर्यंत थांबले असते तर? १,९५०. चार वर्षे नुसते थांबल्याने जे मिळाले असते, ते साठ रुपये कमी करून नोंदीसाठी भांडल्याने आजच मिळाले. 'आत्ता का नंतर' या प्रश्नात आम्ही अडकलो होतो. त्याआधीचा प्रश्न होता, माझी किती वर्षे कोणी खाल्ली?

म्हणून आपल्या लोकांना सांगणे आहे. पन्नाशी ओलांडली की घरातल्या शिकलेल्या मुलाला पासबुक उघडायला बसवा. सेवेची वर्षे मोजा. दहा पूर्ण होत असतील तर एजंटाच्या नादी लागून पेन्शनचे पैसे काढून घेण्याच्या मागे लागू नका. आधी नोंद दुरुस्त करा, मग निर्णय घ्या. तब्येत चांगली असेल, काम झेपत असेल, हजेरीपटावर नाव असेल, तर थांबण्यातही शहाणपण आहे. पण शरीर नाही म्हणत असेल तर आधी पेन्शन घेतली म्हणून स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही हिशेबात चुकलेला नाहीत.

आणि एवढ्यावर थांबूनही चालणार नाही. कारण १,८९० रुपयांत म्हातारपण निघत नाही, हे आम्हालाही कळते. या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर अडकली आहे. आयुष्यात पीएफचा एक रुपया न भरलेल्या निराधार वृद्धाला राज्याच्या श्रावणबाळ योजनेत १,५०० मिळतात. ते मिळालेच पाहिजेत, तेही कमीच आहेत. पण वर्षानुवर्षे वर्गणी भरलेल्या कामगाराला त्याहूनही कमी द्यायचे, याला काय म्हणावे? किमान ७,५०० आणि महागाई भत्ता द्या, म्हणून ईपीएस-९५ चे पेन्शनर बुलढाण्यात वर्षानुवर्षे साखळी उपोषणाला बसले. आपल्या किती संघटनांनी त्या मंडपात जाऊन बसणे केले? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, हे आपण जयंतीला सांगतो. पण १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी काय मांडले होते? विमा हा राज्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात विमा घेणे राज्याने सक्तीचे करावे. उद्याची काळजी माणसाच्या नशिबावर किंवा मालकाच्या मर्जीवर सोडायची नाही, हा त्यामागचा विचार. ती कलमे जशीच्या तशी संविधानात आली नाहीत. कलम ४१ मध्ये म्हातारपणी आणि आजारपणी सरकारी साहाय्याची तरतूद आली, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ती कुवत पंच्याहत्तर वर्षांत सफाई कामगारापर्यंत पोहोचली नाही. मुंबईत २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले, आणि निकाल आला २०१७ साली. कायम असणे आणि कंत्राटी असणे यातला फरक पगारापुरता नसतो, तो म्हातारपणाचा फरक असतो. कंत्राटी पद्धत बंद करा ही मागणी म्हणूनच पेन्शनची मागणी आहे.

मामांची पहिली पेन्शन बँकेत जमा झाली त्या दिवशी मामींनी विचारले, "किती आली?" मामांनी आकडा सांगितला. मामी म्हणाल्या, "दम्याच्या औषधाचं झालं म्हणायचं." मग त्या धुण्याभांड्याच्या कामाला निघून गेल्या. त्यांना पीएफ नाही. त्यांच्या पेन्शनचा प्रश्न आम्हाला अजून कोणी विचारलेला नाही.

जयभीम!