पियानोवरची पर्स

२०१५ सालच्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये अरीथा फ्रँकलिन गायल्या, त्याचं चित्रण लोक अजून एकमेकांना पाठवत असतात. सत्कार कॅरोल किंग यांचा होता आणि गाण्याची चालही त्यांचीच. सज्जात बराक ओबामा डोळे पुसताहेत, कॅरोल किंग भान हरपून कठड्याशी वाकल्या आहेत आणि शेवटाकडे अरीथाबाई अंगातला लांबलचक फरकोट खांद्यांवरून सरळ जमिनीवर सोडून देतात. ज्याला त्याला तो कोट आठवतो. माझी नजर मात्र पर्सवर अडते. बाई रंगमंचावर आल्या त्याच हातात पर्स घेऊन. ती पियानोवर ठेवली, नजरेच्या टप्प्यात, आणि मग पट्ट्यांवर बोटं टेकवली. समोर खुद्द राष्ट्राध्यक्ष, त्यामुळे पहाऱ्याला काय तोटा? तरी पर्स आत ठेवून यायचं नाही.

असं सांगतात की बाई गाण्याआधी पैसे रोख मोजून घेत. मागाहून पाठवू, चेक देऊ, हे चालायचं नाही. नोटा पर्समध्ये, पर्स डोळ्यांसमोर, मगच तोंडून सूर. त्यांच्या आधीच्या काळ्या गायकांना कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी आणि तबकड्या काढणाऱ्यांनी इतकं नागवलं होतं, की याला लहरीपणा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आणि 'रिस्पेक्ट' हे गाणं याच बाईंचं. म्हणजे मूळचं ओटिस रेडिंगचं. १९६५ साली त्यानं ते लिहिलं आणि गायलं, एका पुरुषाच्या तोंडचं: राबून घरी येतोय, पैसा आणतोय, तेव्हा घरात जरा माझा मान राख. गाणं झकास आहे, पण मागणी जुनीच. ती आमच्या आजोबांचीही असू शकली असती. फक्त त्यांना मागावं लागत नव्हतं. १९६७च्या १४ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये २४ वर्षांच्या अरीथानं तेच गाणं म्हटलं आणि अंगरखा उलटा करावा तसं ते उलटून टाकलं. आता मागणारी बाई आहे, तिच्या गाठीला स्वतःचे पैसे आहेत आणि ती अजिजी करत नाही. मागे सूर धरायला अर्मा आणि कॅरोलिन या सख्ख्या बहिणी. ओटिसच्या गाण्यात नसलेली एक जागाही अरीथानं घातली. वाद्यं थबकतात आणि ती त्या शब्दाचं स्पेलिंग सांगते, एकेक अक्षर सुटं करून. ज्याला कळायचं त्यानं निदान आता तरी लिहून घ्यावं.

जूनमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच महिन्यात मॉन्टेरीच्या महोत्सवात ओटिसनं ते म्हणण्याआधी थट्टेत सांगून टाकलं, की हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून पळवलंय. डिसेंबरात त्याचं विमान विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यात कोसळलं. वय २६. पुढे काळ्यांच्या हक्कांच्या लढ्यात आणि स्त्रियांच्या चळवळीत घुमलं ते अरीथाचं गाणं. ओटिसचं आता मुद्दाम शोधून ऐकावं लागतं. मला तेही आवडतं. त्यातली ट्रम्पेटं कशी गाडी चुकत असल्यासारखी घाईत वाजतात.

गंमत पुढे आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. गाणाऱ्याला दमडी नाही. म्हणजे पन्नास वर्षं देशभरच्या रेडिओवर बाई खणखणीत आवाजात मान मागत राहिल्या आणि त्या वाजण्याचे पैसे मात्र रेडिंगच्या वारसांच्या वाटेनं गेले.

आपल्याकडे मान आणि पैसा यांची गाठ पडते ती पाकिटात. व्याख्यानं देत फिरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आधी शाल, मग श्रीफळ, हल्ली पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक (ते बहुधा अध्यक्षांनीच लिहिलेलं असतं). मग निघता निघता, जिन्याच्या वळणावर, चिटणीस हळूच खिशात पाकीट सरकवतात. "फूल ना फुलाची पाकळी, गोड मानून घ्या." ते तिथं उघडायचं नाही, हा संकेत. पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं, ते अंगठ्याला लागतं. आत किती आहेत हे मात्र चाचपून कळत नाही. मोजून घेणं दूरच, फोनवर आधी नुसतं "मानधनाचं कसं?" म्हटलं तरी पलीकडचा आवाज एकदम 'सर'वरून 'तुम्ही'वर येतो. एका गावी तर पाकीट द्यायचं राहूनच गेलं. एस.टी.त मांडीवर नारळ घेऊन घरी आलो. आठवड्यानं फोडला तर खवट निघाला. माझ्या जागी अरीथाबाई असत्या तर माइकला हात लागला नसता.

'रिस्पेक्ट' हा शब्द कोर्टातले लोक सगळ्यांत सराईतपणे वापरतात. वकील न्यायमूर्तींना 'विथ रिस्पेक्ट' म्हणाला, की समजावं त्याला पटलेलं नाही. 'विथ ग्रेट रिस्पेक्ट' म्हणजे आपण साफ चुकताय. 'विथ द अटमोस्ट रिस्पेक्ट' म्हणजे याच्या पुढचं सभ्य माणसानं उच्चारू नये. आमच्याकडे हे सगळं काम 'आपण थोर आहात' एवढ्यात उरकतं. तरुण मुलांनी तर शब्द एकटाच उभा केलाय. कुणी सायकलवर लडाख गाठलं, कुणी पहिल्या पगारात आईला फ्रिज घेतला, की फोटोखाली लगेच 'रिस्पेक्ट!' हा फुकटचा वर्षाव मला फारसा रुचत नाही. फ्रिजपुरता मान्य आहे.

पण या शब्दाचा चोख वापर ऐकायचा तर सकाळी दादरला शिवाजी पार्कवर जावं. चांगल्या चेंडूला मान द्यायचा, सोडायचा नाहीतर बॅट सरळ ठेवून जागीच दाबायचा, ही मुंबईच्या फलंदाजीची जुनी शिकवण. गावसकरांनी तिचं सोनं केलं. तिथं नेटमध्ये एक बुटकं पोरगं, पॅड पार मांडीपर्यंत आलेले, पहिलाच चेंडू पुढे सरसावून उचलून मारतं. सर कंबरेवर हात ठेवून ओरडतात, "अरे, बॉलला रिस्पेक्ट द्यायला शिक जरा!"

पोरगं हेल्मेट वर सारतं. "पण सर, फुलटॉस होता!"