भुंग्यांची सोय आधी कर

चि. मेघना,


काजूच्या बागेलगतची पडीक जागा पॅशनफ्रूटखाली आणायची म्हणतेस. जरूर आण. फक्त पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांच्या पुढे जाऊ नकोस.

आंबा-काजू आपण पुढच्या पिढीसाठी लावतो. हा वेल वर्षभरात फळावर येतो आणि चार-पाच वर्षांत थकतो. मागे राहतो तो मांडव, म्हणून खांब आणि तारा यांत काटकसर नको.

जांभळं फळ थंड, उंच भागातलं. कोडगूत चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्राने जांभळ्या-पिवळ्याच्या संकरातून ‘कावेरी’ वाण काढला, पण तीही डोंगरातलीच जागा. आपल्या कुडाळच्या उष्ण हवेला पिवळा वाणच मानवेल. त्याची अट मात्र मोठी आहे. त्याच वेलाचे पराग त्याला चालत नाहीत, आणि एका वेलाच्या फांद्यांपासून केलेली सगळी रोपं म्हणजे तोच वेल. त्यामुळे निरनिराळ्या वेलांची रोपं मिसळून लाव. नाहीतर मांडव फुलांनी भरेल आणि फळ दिसणार नाही.

पराग नेणारा गडी म्हणजे लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा. मधमाशी या फुलाला लहान पडते. ही फुलं दुपारी उमलतात, तेव्हा त्या वेळी फवारणी करायचीच नाही. कुंपणाचे वाळके वासे जाळू नकोस, भुंगे त्यांतच घर करतात. भुंगे कमी दिसले तर वाडीतल्या बायका दुपारी हाताने पराग लावू शकतील. पराग ओला झाला की फुटतो, म्हणून आपल्याकडच्या जून-जुलैच्या बहरावर भिस्त ठेवू नकोस.

मुळाशी पाणी साचलं तर मर रोग येतो, तेव्हा उताराचीच जागा धर. आणि मांडवाखाली काकडी-दोडका नको. मोकळी जागा पाहून हात शिवशिवतात, मला ठाऊक आहे, पण त्यांच्यावरचा मावा विषाणू घेऊन वेलावर जातो.

पिकलेलं फळ आपोआप गळतं, ते रोज वेचावं लागतं. साल सुरकुतली की आतला गर अधिक गोड लागतो, पण बाजारातलं गिऱ्हाईक तेच फळ बाजूला सारतं. कोकम-आवळ्याची सरबतं करणारे गावागावांत आहेत, त्यांच्याशी गराचं बोलणं कर. खड्डे खणण्याआधी निदान दोघांचा शब्द घे, मग मला कळव.

तुझी आत्या