पहिल्या दिवसाचा शिक्का

सरकारी कचेरीत 'पहिला दिवस' ही वाटते तितकी सोपी गोष्ट नव्हे. नेमणुकीचा हुकूम एका तारखेचा, रुजू झाल्याची नोंद दुसऱ्या तारखेची आणि नोकरीत कायम झाल्याचा कागद तिसऱ्याच वर्षाचा. त्यातही मनुष्य दुपारी बारानंतर रुजू झाला, तर त्याचा पगार दुसऱ्या दिवसापासून धरतात. तो टेबलाशी बसला, त्याने चार कागद उलटेपालटे केले, शेजाऱ्याबरोबर चहाही घेतला. पण पगाराच्या हिशेबी त्या दिवशी तो आलाच नव्हता! ज्येष्ठतेच्या याद्यांवरून अशा तारखांचे तंटे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहो. म्हणून अमेरिकेतील काही शौकीन मंडळी याच प्रश्नावर हिरिरीने भांडतात असे वाचनात आले, तेव्हा परमुलखात गाववाला भेटावा तसा आम्हांस आनंद झाला.

तिकडे बेसबॉलच्या खेळाडूंची छोटी चित्रे जमविण्याचा मोठा नाद आहे. कधीकाळी ती च्युइंगगमच्या पुड्यांतून येत. त्यांत मोल असते ते खेळाडूच्या 'रुकी कार्डा'ला. आपण त्याला उमेदवारीचे चित्र म्हणू. पण उमेदवारीचे चित्र म्हणजे कोणते? खेळाडू लहान संघात असतानाचे, की वरच्या संघात आल्यानंतरचे? एखाद्या गावापुरते छापलेले, की देशभर विकले गेलेले? मिकी मँटल हा नामांकित खेळाडू १९५१ साली वरच्या संघात आला आणि त्याच वर्षी बोमन कंपनीने त्याचे चित्र काढले. ते त्याचे उमेदवारीचे चित्र. परंतु २०२२ साली एक कोटी सव्वीस लाख डॉलरांना विकले गेले ते टॉप्स कंपनीचे, १९५२ सालचे! मान एकाचा, दाम दुसऱ्याला. पुढे २००६ सालापासून, खेळाडू वरच्या संघात दाखल झाल्यावरच त्याच्या चित्रावर उमेदवारीचे अधिकृत चिन्ह छापावे असा दंडक झाला. म्हणजे तेथेही अखेर रुजू झाल्याची तारीखच प्रमाण ठरली.

आमचा नाद मात्र पोस्टाच्या तिकिटांचा, आणि तो वडिलार्जित आहे. तिकिटांच्या जगातही पहिलेपणाचा पेच आहेच. १ जुलै १८५२ रोजी सर बार्टल फ्रिअर यांनी सिंध प्रांतापुरती अर्ध्या आण्याची तिकिटे काढली. साऱ्या देशात चालणारी तिकिटे आली ती १८५४च्या ऑक्टोबरात. पहिले कोणते म्हणावे? आणि माणसांच्या बाबतीत तर आपल्याकडे सारा प्रकार उलटाच. सचिन तेंडुलकरने पहिला कसोटी सामना खेळला १९८९च्या नोव्हेंबरात. त्याच्यावरची दोन तिकिटे निघाली १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, वानखेडे मैदानावर तो अखेरचा सामना खेळावयास उतरला त्या दिवशी. अमेरिकन शौकीन उमेदवारीवर पैसे लावतो. आपले टपाल खाते कर्तृत्वाची खातरजमा झाल्यावाचून शिक्का उठवीत नाही. हयात माणसाला तो मान क्वचितच मिळतो. महर्षी कर्व्यांना तो १८ एप्रिल १९५८ रोजी मिळाला, आणि १५ सप्टेंबर १९६० रोजी मिळाला तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना.

आमची खरी गोष्ट या तिकिटापासून सुरू होते. विश्वेश्वरय्या म्हैसूर मुलखातून पुण्याच्या शास्त्र महाविद्यालयात आले आणि पुढे त्यांनी खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारे बसविली. आमचे आजोबा नेमके उलट दिशेने, पुण्याहून बंगळुरास, नोकरीसाठी आले. त्या तिकिटाचा दिवस तोच त्यांचा येथला पहिला दिवस, आणि त्याच दिवशी त्यांनी ते तिकीट लावून घरी पत्र धाडले, असे आमचे वडील अभिमानाने सांगत. पत्राचे पाकीट पत्र्याच्या पेटीत असे. वडील गेल्यावर ती पेटी आमच्याबरोबर बंगळुरास आली.

येथल्या राजभवन रस्त्यावरील मुख्य टपाल कार्यालयात तिकीटसंग्राहकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तेथे ओळख झालेल्या एका वयोवृद्ध कन्नड संग्राहकांना आम्ही ते पाकीट दाखविले. त्यांनी भिंग लावले, पाकीट उजेडाकडे कलते धरले आणि हळूच म्हणाले, "सर, हा शिक्का सतराचा आहे." प्रथम दिवसाचे पाकीट ठरते ते शिक्क्याच्या तारखेवरून, तिकीट कोणत्या दिवशी विकत घेतले, याला तेथे किंमत नाही. वडिलांनी जन्मभर सांगितलेली गोष्ट दोन दिवसांनी खोटी ठरली होती.

घरी येऊन आम्ही, वडिलांनी कधी उघडले असेल की नाही कोण जाणे, ते आतले पत्र उघडले. 'तीर्थरूप बाबांस' अशी सुरुवात. गुरुवारी दुपारी रुजू झालो, पगार शुक्रवारपासून धरतील; एका खानावळीची सोय झाली आहे; भाषा समजत नाही. आणि शेवटी: तिकीट गुरुवारीच घेतले होते, पत्र लिहावयासही बसलो होतो, परंतु त्या दिवशी लिहिले असते, तर 'परत येऊ का' एवढेच लिहिले असते. आज बरे आहे.

पत्र हातात धरून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. आम्ही स्वतः या शहरात आलो, तेव्हा घरी फोन केला तो तिसऱ्या दिवशी. "काम फार होते," असे आईला सांगितले होते. काम मुळीच नव्हते. परगावी बदली होऊन गेलेल्या वाचकांना यावर अधिक सांगावयास नको.

पुढच्या रविवारी त्या वृद्ध गृहस्थांनी विश्वेश्वरय्यांचे अस्सल प्रथम दिवसाचे पाकीट आम्हांस माफक किमतीत देऊ केले. आम्ही ते घेतले आणि संग्रहात प्रथम दिवसाच्या पानावर लावले. नियम तो नियम. आजोबांचे पाकीट तेथे लावले नाही. त्यासाठी पुढचे कोरे पान काढले आणि खाली कचेरीच्या वळणाने नोंद केली: तिकीट घेतल्याची तारीख १५ सप्टेंबर १९६०, दुपारनंतर, पत्र धाडल्याची तारीख १७ सप्टेंबर १९६०. दोन तारखांमधल्या दिवसांपुढे काय लिहावे, ते सुचले नाही. ती जागा तशीच मोकळी ठेवली आहे.