कड्यावरचे पाहुणे

४ सप्टेंबर, दिलसुखनगर, हैदराबाद
भूगोलाच्या तासाला सराव-प्रश्न आला : ग्रँड कॅन्यन पाहणारा पहिला युरोपीय कोण? गार्सिया लोपेझ दे कार्देनास, १५४०. मुलांनी उत्तर ठोकून टाकलं. पुढची हकिकत परीक्षेला नसते, म्हणून मुद्दाम सांगितली. होपी वाटाड्यांनी या स्पॅनिश लोकांना कड्यावर नेलं. खालची नदी त्यांना जेमतेम पुरुषभर रुंद वाटली. तीन दिवस उतरायची वाट शोधली. तिघे चपळ गडी उतरले आणि तिसऱ्या हिश्शावरून परतले. वरून माणसाएवढे दिसणारे खडक सेव्हिलच्या मोठ्या मनोऱ्याहून उंच निघाले!
जम्मलमडुगूची एक मुलगी म्हणाली, “सार, आमच्या गंडिकोट्याच्या दरीतही डोळा असाच फसतो.”

५ सप्टेंबर
खाली डोशाच्या गाडीभोवती हॉस्टेलची पोरं. वर खोलीत ताव्हेर्नियेचं प्रवासवर्णन उघडलं. १६५२च्या सप्टेंबरात हा फ्रेंच जवाहिऱ्या गंडिकोट्यालाच होता. गोवळकोंड्याचा सुलतान आपल्या वजिराला, मीर जुमल्याला, विचारल्याशिवाय भारी माल घेत नसे, आणि मीर जुमला नुकत्याच जिंकलेल्या या किल्ल्यावर. म्हणून मोती घेऊन इतक्या आडबाजूला वारी. वाटेची रुंदी त्यानं चोख लिहिली आहे : वीस-पंचवीस फूट, कुठे सात-आठच. उजवीकडे भयंकर कडा, तळाशी मोठी नदी. दरीचं वर्णन एवढ्यावर आटोपलं. मीर जुमला पायांच्या बोटांत कागद धरून कारभार कसा उरकायचा, ते मात्र बारकाईनं.

१४ सप्टेंबर, गंडिकोटा
जामा मशीद, धान्याचं कोठार मागे टाकून कड्यापाशी आलो. लाल खडकाचे थर, सरळ तुटलेली भिंत, तळाशी पेन्ना नदी. या अंगाला किल्ल्याची राखण दरीच करते. मीर जुमल्याआधीच्या पेम्मसानी नायकांना तिचं मोल पक्कं ठाऊक असणार. खाली एक ठिपका हलला. बराच वेळ पाहिल्यावर ती होडी निघाली.

१६ सप्टेंबर, दिलसुखनगर
बसमध्ये हेच घोळत होतं. कार्देनासला नदी गाठायची होती, त्याला अडसर दिसला. ताव्हेर्नियेला माल सुखरूप न्यायचा होता, त्याला वाट दिसली. १८५७-५८मध्ये अमेरिकी लेफ्टनंट आइव्हज आगबोटीला कोलोरॅडो कुठवर चालते ते पाहायला गेला आणि ग्रँड कॅन्यन बिनकामाची ठरवून परतला. १८६९मध्ये भूवैज्ञानिक पॉवेल होड्या घेऊन त्याच नदीत शिरला. एक हात लढाईत गेलेला. पण तो खडक वाचायला आला होता, म्हणून त्याला त्या भिंतींत पृथ्वीचा इतिहास दिसला. जो तो आपल्या कामापुरतंच पाहतो; तेव्हा काम नेमून देणं मास्तरकडे.
उद्या गंडिकोट्याचे फोटो आधी दाखवायचे नाहीत. फळ्यावर एवढंच लिहायचं : पेन्ना डोंगराला वळसा घालून का गेली नाही?